मागच्या गल्लीतला निळा तबेला

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार फिरताना दरवर्षी एक गोष्ट दिसते. नवखा माणूस घोड्याची आयाळ, रंग आणि नाच बघतो. जुना जाणकार आधी खूर उचलून बघतो, मग दात, मग पाय चाचपतो, आणि त्यानंतर घोड्यापेक्षा जास्त वेळ त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी बोलत बसतो. खुराक काय, नाल कधी ठोकली, लांबच्या रस्त्याला दम टिकतो का, असे सगळे विचारतो. तबेला समजला की घोडा समजला, असा त्यांचा हिशेब असतो.

फ्रेंच भाषेत तबेल्याला 'एकुरी' म्हणतात आणि स्कॉटलंडला 'एकॉस'. 'एकुरी एकॉस' म्हणजे स्कॉटलंडचा तबेला. घोड्यांच्या शर्यतीतला 'एकुरी' हा शब्द मोटारींच्या शर्यतीने जसाच्या तसा उचलला. एडिंबरा शहरातल्या एका मागच्या गल्लीत हा तबेला १९५१ च्या अखेरीस उभा राहिला. आपल्या मोटार मेकॅनिक मंडळींच्या स्मरणिकेसाठी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा, असे समितीने मला सांगितले तेव्हा मी दुसरे नाव शोधलेच नाही. नंदुरबारच्या पोरांना इंजिन उघडायला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या वर्षांत वर्गात मी सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच आहे.

गोष्ट समजायची तर आधी ल माँची शर्यत समजली पाहिजे. फ्रान्समधल्या ल माँ गावाजवळ १९२३ पासून ही शर्यत भरते. शनिवारी दुपारी सुरू होते आणि रविवारी दुपारी संपते. पूर्ण २४ तास. गाडी एकच, चालवणारे त्या काळी दोघे, आळीपाळीने. एरवी शेतकऱ्यांच्या गाड्या जिथून जातात तेच रस्ते त्या दोन दिवसांसाठी बंद करून वापरतात. एक फेरी तेव्हा साडेतेरा किलोमीटरची होती आणि तिच्यात जवळपास सहा किलोमीटरचा एक सरळ पट्टा होता. रात्र, धुके, पाऊस, काही असो, गाडी थांबायची ती फक्त इंधन, टायर आणि दुरुस्तीसाठी. इथे सर्वांत वेगवान गाडी जिंकतेच असे नाही. जी चोविसाव्या तासालाही धावते आहे, ती जिंकते. चांदसैली घाटातून धडगावला रोज जीप नेणाऱ्या कोणत्याही ड्रायव्हरला हे वेगळे समजवावे लागणार नाही. घाटात गाडी पळते किती हे कोणी विचारत नाही. ब्रेक शेवटच्या वळणापर्यंत धरतो का, एवढेच विचारतात.

या संस्थेचा संस्थापक डेव्हिड मरे हा पेशाने हिशेबनीस होता आणि दारूच्या व्यापारातही होता. शर्यतीची त्याला स्वतःला हौस होती. मासेराती गाडी घेऊन तो जागतिक अजिंक्यपदाच्या काही शर्यतींतही उतरला होता. १९५१ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर अपघात झाल्यानंतर त्याने मोठ्या शर्यती चालवणे थांबवले. माणूस चाकामागून बाजूला झाला, पण शर्यत त्याच्यातून गेली नाही. त्याच्याबरोबर होता विल्की विल्किन्सन, लंडनच्या बेलव्ह्यू गॅरेजमध्ये तयार झालेला इंजिनाचा कारागीर. पैशाचा हिशेब मरेकडे आणि यंत्राचा हिशेब विल्किन्सनकडे. जागा होती मर्चिस्टन म्यूज नावाची. 'म्यूज' म्हणजे मोठ्या घरांच्या मागची, पूर्वी घोडे बांधायची गल्ली. म्हणजे नावातही तबेला आणि जागाही जुनी तबेल्याचीच. दगडी घरांच्या पाठीमागे, एका वेळी मोजक्याच गाड्या मावतील असे ते गॅरेज होते. शहाद्यात किंवा तळोद्यात बसस्टँडच्या मागे असतात तसल्या गॅरेजांपेक्षा फार मोठे समजू नका.

पहिल्या गाड्या संघाच्या नव्हत्याच. इयान स्टुअर्ट, बिल डॉबसन आणि सर जेम्स स्कॉट डग्लस या तिघांकडे आपापल्या जॅग्वार एक्सके १२० होत्या. त्या गाड्या मरेच्या गॅरेजने सांभाळायच्या, तयार करायच्या आणि एका झेंड्याखाली उतरवायच्या, असे ठरले. पुढे पीबल्सच्या मेजर थॉमसन यांनी पैशाचा मोठा भार उचलला. त्या काळी शर्यतीत देशाप्रमाणे रंग ठरलेले असत. इंग्रजांचा हिरवा, फ्रेंचांचा निळा, इटलीचा लाल. एकुरी एकॉसने हिरवा घेतला नाही. त्यांनी स्कॉटलंडच्या ध्वजावरचा निळा घेतला आणि गाडीच्या अंगावर सेंट अँड्र्यूचा पांढरा तिरपा क्रूस लावला. आम्ही ब्रिटनचेच, पण आमचे गाव वेगळे, हे बोलून दाखवायची त्यांना गरज पडली नाही.

एक्सके १२० नंतर सी-टाइप आल्या आणि १९५५ मध्ये डी-टाइप. या गाडीपाशी थोडे थांबू, कारण आपल्या धंद्याच्या माणसाने तिच्याकडे बघितलेच पाहिजे. सहा सिलिंडर, ३४४२ सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, तीन वेबर कार्बोरेटर. ऑइल नेहमीसारखे खालच्या चेंबरमध्ये नाही, तर वेगळ्या टाकीत. जोरात वळण घेताना चेंबरमधले ऑइल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळते. वेगळी टाकी ठेवली की तो धोकाच उरत नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. जॅग्वारने १९५३ ची ल माँ शर्यत सी-टाइपने जिंकली, तेव्हा डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकलेली ती पहिलीच ल माँ होती. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात, हे आपल्याला घाटाने शिकवले आहे. त्यांना ते सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला असलेल्या वळणाने शिकवले. आज आपल्या पोरांच्या मोटारसायकलींना जी डिस्क दिसते, तिची वाट या शर्यतींतून गेली आहे. गाडीचे अंग माल्कम सेयर या विमानाच्या कारखान्यातून आलेल्या माणसाने आखले. ड्रायव्हरच्या डोक्यामागे माशाच्या पाठीवरच्या परासारखी जी उभी पट्टी दिसते, ती वाऱ्यात गाडी सरळ राहावी म्हणून. आणि हेही इथेच सांगतो, म्हणजे ही गोष्ट फार परकी वाटणार नाही: २००८ पासून ही जॅग्वार कंपनी मुंबईच्या टाटांची आहे.

डी-टाइप आल्या त्या वर्षी नशीब वाईट होते. न्यूरबुर्गरिंगच्या सरावात जिमी स्टुअर्टचा अपघात झाला आणि त्याने शर्यत कायमची सोडली. त्याचा धाकटा भाऊ पुढे या गोष्टीत येणार आहे. त्याच वर्षी ११ जूनला ल माँमध्ये एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मोटार शर्यतीच्या इतिहासात याहून काळा दिवस नाही. काही देशांनी शर्यतींवर बंदी घातली. ल माँचा रस्ता रुंद केला, पिट, म्हणजे गाड्या थांबायच्या जागा, मागे घेतल्या आणि म्हणून १९५६ ची शर्यत जूनऐवजी २८ आणि २९ जुलैला झाली.

त्या शर्यतीत एकुरी एकॉस प्रथमच ल माँला गेला. एक गाडी, नंबर ४. चालवणारे दोघेही स्कॉटलंडचे. एडिंबराचा रॉन फ्लॉकहार्ट आणि ग्लासगोचा मोटारविक्रेता निनियन सँडरसन. समोर खुद्द जॅग्वार कारखान्याचा तीन गाड्यांचा संघ होता, अॅस्टन मार्टिन होती, फेरारी होत्या. स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स यांच्यासारखी नावाजलेली जोडी अॅस्टन मार्टिनवर होती. मर्चिस्टनच्या गल्लीतल्या गाडीकडे कोणाचे लक्ष असायचे कारण नव्हते.

दुसऱ्याच फेरीत पावसाने ओल्या झालेल्या वळणावर कारखान्याची एक जॅग्वार घसरली, तिला चुकवताना दुसरी थांबली आणि मागून आलेली फेरारी तिच्यावर आदळली. कारखान्याच्या दोन गाड्या तिथेच संपल्या. तिसऱ्या गाडीच्या इंधनाच्या नळीला बारीक तडा गेला. तो सापडेपर्यंत तिच्या कितीतरी फेऱ्या वाया गेल्या आणि ती शेवटी सहावी आली. एक नळी. मी वर्गात इथे नेहमी थांबायचो. जगातला त्या काळचा सर्वांत तयारीचा कारखाना, आणि एका नळीच्या तड्याने गेला. मुले हसायची नाहीत, कारण त्यांनी प्रत्येकाने कधी ना कधी तशी नळी हातात धरलेली असायची.

आता निळी गाडी एकटी राहिली आणि तिच्यासमोर मॉस-कॉलिन्सची हिरवी अॅस्टन मार्टिन. रात्रभर दोघांचा पाठलाग चालला. त्या वर्षी इंधन किती वापरायचे यावरही बंधन होते. त्यामुळे पाय दाबला की पुढे जाता येईल, पण पुढच्या थांब्यापर्यंत पुरणार नाही, अशी अडचण. इथे मरेमधला हिशेबनीस कामाला आला असणार, असे मला नेहमी वाटते. गाडीला तिच्या सोसण्याइतकेच पळवायचे आणि त्या मापात चोवीस तास राहायचे. फ्लॉकहार्ट आणि सँडरसन यांनी तेच केले. रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या ३०० फेऱ्या झाल्या होत्या, अंतर ४०३४ किलोमीटर, सरासरी वेग ताशी १६८. दुसऱ्या क्रमांकाची गाडी एक फेरी मागे होती. नंदुरबारहून मुंबई साधारण चारशे किलोमीटर धरा. म्हणजे एका दिवसा-रात्रीत पाच वेळा मुंबईला जाऊन परत यायचे, तेही इंजिन न उघडता.

त्या हंगामानंतर जॅग्वार कारखान्याने शर्यतींतून माघार घेतली. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्याला आग लागली. त्यामुळे १९५७ च्या ल माँला जॅग्वारची इज्जत राखायची ती खासगी संघांनीच. कारखान्याने एकुरी एकॉसला मदत मात्र मनापासून केली. ३.८ लिटरचे, इंधन फवारणीचे इंजिन त्यांच्या एका गाडीत बसले. दुसरी गाडी जुन्या ३.४ लिटरच्या कार्बोरेटरच्या इंजिनावरच होती. पहिलीत फ्लॉकहार्ट आणि आयव्हर ब्यूब. हा ब्यूबही चेल्टनहॅमचा गॅरेजवाला. दुसरीत सँडरसन आणि जॉन लॉरेन्स.

२२ आणि २३ जून १९५७. फेरारी आणि मासेराती पहिल्या तासांत खूप वेगाने गेल्या आणि एकामागून एक थांबत गेल्या. निळ्या गाड्यांनी आपले माप सोडले नाही. फ्लॉकहार्ट-ब्यूब यांनी ३२७ फेऱ्या केल्या, ४३९७ किलोमीटर, ताशी सरासरी १८३. दुसऱ्या क्रमांकावर सँडरसन आणि लॉरेन्सची निळी गाडी. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर फ्रान्स आणि बेल्जियमच्या खासगी संघांच्या डी-टाइप, आणि सहावीही डी-टाइपच. म्हणजे पहिल्या सहांत पाच जॅग्वार, आणि त्यांत पहिल्या दोन एडिंबराच्या एका गल्लीतून आलेल्या. माझ्या मते या खेळाच्या इतिहासात छोट्या कार्यशाळेने मिळवलेले याहून मोठे यश नाही. १९५६ चा विजय नशिबाचा म्हणणारे लोक होते. १९५७ नंतर तसे म्हणायला कोणाला तोंड राहिले नाही.

पुढच्याच आठवड्यात, २९ जूनला, इटलीत मोंझाच्या उतरत्या बाजूंच्या गोल मार्गावर अमेरिकेच्या इंडियानापोलिसच्या गाड्यांबरोबर शर्यत होती. युरोपातल्या व्यावसायिक ड्रायव्हरांच्या संघटनेने टायरच्या धोक्याचे कारण सांगून बहिष्कार घातला. एकुरी एकॉस मात्र तीन डी-टाइप घेऊन गेला. त्या मार्गासाठी खास बांधलेल्या अमेरिकन गाड्यांपुढे या गाड्यांचा निभाव लागणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. तरी तिन्ही गाड्या शेवटपर्यंत धावल्या आणि चौथी, पाचवी, सहावी आल्या. दिलेला शब्द पाळायला गेलेली ही माणसे होती. मला ल माँच्या विजयाइतकाच हा प्रसंग आवडतो.

यानंतरची वर्षे उताराची. १९५८ पासून इंजिन ३ लिटरच्या आत असले पाहिजे असा नियम आला. मोठे, ओळखीचे इंजिन लहान करून घेतले, पण त्याला ते मानवले नाही. त्या वर्षी ल माँला दोन्ही गाड्यांचे पिस्टन शर्यत सुरू होऊन तास व्हायच्या आत गेले. नंतर टोजेरो गाड्या झाल्या, कूपर झाल्या, पण ल माँ पुन्हा हाती लागली नाही. विल्किन्सन बीआरएम संघाकडे गेला आणि कार्यशाळा स्टॅन स्प्रोटने सांभाळली.

पण याच उतरत्या काळात संघाकडे त्यांची सर्वांत लाडकी गाडी आली, आणि ती शर्यतीची नव्हती. गाड्या वाहून नेण्यासाठी आतापर्यंत जुन्या बस वापरत. संघाच्या चाहत्यांची 'एकुरी एकॉस असोसिएशन' नावाची संस्था होती. तिने पैसे उभे केले आणि १९५९-६० मध्ये नवा ट्रान्सपोर्टर बांधून घेतला. चॅसी कॉमर कंपनीची, आराखडा सेल्बी हाऊगेट याचा, बांधणी फॉलकर्कच्या वॉल्टर अलेक्झांडर या बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्याची. आपल्या एसटीच्या गाड्या दापोडीला बांधतात, तसेच हे अलेक्झांडर तिथल्या बसवाल्यांचे. वर दोन गाड्या, आत एक आणि कामाला जागा. आणि त्याचे इंजिन! तीन सिलिंडर आणि सहा पिस्टन. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात आणि त्यांच्या मध्ये डिझेल पेटते. टू-स्ट्रोक. सिलिंडर हेड नाहीच, म्हणजे हेड गॅसकेट उडायचा प्रश्नच नाही. मी या इंजिनाचे चित्र फळ्यावर काढायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे येऊन उभी राहायची.

त्याच मागच्या बाकावरच्या मुलांसाठी जॅकी स्टुअर्टचे नाव घ्यायला हवे. जिमीचा हा धाकटा भाऊ. वडिलांचे डम्बार्टनजवळ गॅरेज होते. शाळेत अक्षरे त्याला लागत नसत, मास्तर त्याला मठ्ठ समजत. लहानपणीच शाळा सोडून तो वडिलांच्या गॅरेजात कामाला लागला. त्याला वाचनाचा दोष आहे, डिस्लेक्सिया आहे, हे त्याने चाळिशी ओलांडल्यावर कळले. १९६३ मध्ये एकुरी एकॉसने त्याला आपल्या गाड्या चालवायला दिल्या. १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन वर्षे तो जगाचा अजिंक्य ड्रायव्हर झाला. शर्यतीत माणसे मरू नयेत म्हणून त्याने जन्मभर भांडण केले. पट्टा, अग्निशमन, वैद्यकीय पथक, रस्त्याच्या कडेचे अडथळे, यांपैकी किती गोष्टी त्याच्या हट्टामुळे आल्या हे आज कोणाला आठवत नाही, पण त्यांनी जीव वाचवले.

१९६८ मध्ये मरे कराच्या आणि पैशाच्या अडचणीत सापडला आणि देश सोडून कॅनरी बेटांवर गेला. पुढे तिथेच त्याचा मृत्यू झाला. ज्याने दुसऱ्यांच्या गाड्यांचा हिशेब इतका नीट ठेवला, त्याचा स्वतःचा हिशेब जुळला नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन ते सिडनी अशी मोटारींची महाशर्यत निघाली. दिल्लीहून ती मुंबईला पोहोचली आणि उरलेल्या ७२ गाड्या 'चुसान' जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. जिंकला तोही स्कॉटलंडचाच, डन्स गावचा शेतकरी अँड्र्यू कावन. १९५९ ला ल माँमध्ये एकुरी एकॉसची डी-टाइप चालवलेला इनेस आयर्लंडही त्या शर्यतीत होता आणि त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. तबेला मोडत होता, त्याची माणसे मात्र जगभर धावत होती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संघ बंद झाला. सुमारे दहा वर्षांनी ह्यू मॅकेग या स्कॉटलंडच्याच उद्योजकाने तो पुन्हा उभा केला. रंग निळाच आणि क्रूसही तोच. १९८६ मध्ये या नव्या संघाने जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धेत सी-२ गटाचे संघ विजेतेपद मिळवले.

जुन्या गाड्यांना आज जी किंमत येते ती ऐकून माणूस गप्प होतो. १९५६ ची विजेती गाडी, चॅसी क्रमांक एक्सकेडी ५०१, २०१६ मध्ये अमेरिकेत लिलावात सुमारे २ कोटी १८ लाख डॉलरना गेली. त्याआधी २०१३ मध्ये लंडनला त्या ट्रान्सपोर्टरलाच १८ लाख पौंड मिळाले. शर्यतीत कधीही न धावलेल्या, फक्त गाड्या वाहून नेणाऱ्या एका ट्रकला. बोली लावणाऱ्यांना त्यात काय दिसले हे मला चांगले समजते.

शेवटी एक नाव राहिले. रॉन गॉडियन. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला कामाच्या शोधात आलेला मेकॅनिक. १९५५ मध्ये तो जॅग्वार कारखान्यात होता आणि ल माँ जिंकलेल्या गाडीवर त्याचा हात होता. मग तो मर्चिस्टन म्यूजला आला. १९५६ च्या विजयात तो होता, १९५७ च्या विजयातही होता. ब्यूबने १९५५ आणि १९५७ ची शर्यत जिंकली, फ्लॉकहार्टने १९५६ आणि १९५७ ची. सलग तिन्ही वर्षे जिंकणारा ड्रायव्हर एकही नाही. मेकॅनिक आहे.